पिकअप किती ओढेल? उत्तर दाराच्या चौकटीवर

अमेरिकेत मोठ्या पिकअप ट्रकची जाहिरात एकाच आकड्याभोवती फिरते: कमाल ओढक्षमता. फोर्ड एफ-150 म्हणते 13,500 पौंड, शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 म्हणते 13,300, टोयोटा टुंड्रा 12,000, आणि नव्या हरिकेन इंजिनाची राम 1500 म्हणते 11,580. किलोत सांगायचं तर सव्वापाच ते सहा टन. यातला एकही आकडा खोटा नाही. फक्त तो ठरावीक इंजिन, ठरावीक केबिन, ठरावीक एक्सल आणि महागडं टोइंग पॅकेज जुळून आलेल्या एका ट्रकचा आहे. शोरूममध्ये तुमच्यासमोर उभा असलेला ट्रक बहुधा तो नसतो.

एके काळी हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने छापत असे. मग जे-2807 नावाची एक समान चाचणी आली. टोयोटाने ती 2011 च्या मॉडेलपासून पाळली आणि डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या (फोर्ड, शेव्हरोलेची जीएम आणि रामची क्रायस्लर) 2015 च्या सुमारास तिच्याखाली आल्या. चाचणीचा सर्वांत कठीण भाग ॲरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळचा डेव्हिस डॅमचा चढ. सुमारे 18 किलोमीटरमध्ये रस्ता 3,000 फुटांच्या आसपास वर चढतो. बाहेर किमान 38 अंश तापमान, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण भरलेला ट्रेलर, आणि वेग ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये. इथे इंजिनाच्या ताकदीइतकीच, किंबहुना जास्त, रेडिएटरची आणि गिअरबॉक्सच्या कूलरची परीक्षा होते. म्हणूनच टोइंग पॅकेज म्हणजे नुसता मागचा हूक नव्हे. मोठा रेडिएटर, वाढीव कूलिंग, ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर आणि सात पिनांचं सॉकेट त्यात येतं. नंतर बाजारातून हूक बसवला म्हणून क्षमता वाढत नाही.

खरी मर्यादा: पेलोड

ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. तोच त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. ब्रोशरमधला आकडा मॉडेलचा असतो, स्टिकरवरचा तुमच्या गाडीचा.

ट्रेलर ओढताना त्याचा काही भार थेट ट्रकच्या मागच्या टोकावर बसतो. याला टंग वेट म्हणतात आणि प्रवासी ट्रेलरसाठी तो ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. आता हिशेब करू. भरलेला कॅम्पिंग ट्रेलर 3,600 किलोंचा, म्हणजे सुमारे 7,900 पौंड. कमाल आकड्याच्या कितीतरी आत. 13 टक्क्यांनी टंग वेट 468 किलो. वजन वाटणारा हिच, म्हणजे ट्रक-ट्रेलरला जोडणारा सांधा, 40 किलो. गाडीत चार माणसं, धरा 300 किलो. बेरीज 808 किलो, तीही हौद्यात एकही पेटी न ठेवता. चार दारांच्या, सजवलेल्या एफ-150 किंवा सिल्व्हराडोच्या स्टिकरवर 700 किलोंच्या आसपासचा आकडा सहज सापडतो. सहा टन ओढू शकणारा ट्रक साडेतीन टनांच्या ट्रेलरलाच मर्यादेबाहेर जातो.

आपल्या बाजार समितीत भाजी घेऊन येणारी बोलेरो पिकअप 75 अश्वशक्तीच्या इंजिनावर दीड टनाहून जास्त माल वाहते. मग 400 अश्वशक्तीचा अमेरिकन ट्रक 700 किलोंवर का थांबतो? कारण ओझं इंजिन पेलत नाही. ते पेलतात स्प्रिंग, एक्सल, टायर आणि ब्रेक. अमेरिकन ट्रक रिकामा असताना मोटारीसारखा मऊ चालावा म्हणून त्याचं सस्पेन्शन नरम ठेवलेलं असतं. रामने तर 2009 पासून मागे लीफ स्प्रिंगचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग घातल्या, टुंड्रानेही 2022 मध्ये तेच केलं. दोन्ही गाड्या त्यामुळे सुखद झाल्या आहेत हे मान्य, पण रोज भारी माल टाकायचा असेल तर पाटेच बरे.

टंग वेट जिथे बसतं ती जागाही महत्त्वाची. हिचचा गोळा मागच्या एक्सलच्या सव्वा मीटरभर मागे असतो, त्यामुळे तरफेचा नियम लागू होतो. 468 किलो तिथे टाकले की मागच्या एक्सलवर सव्वासहाशे किलोंच्या आसपास वाढ होते आणि पुढच्या एक्सलवरून दीडशेहून जास्त किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं पडतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. वजन वाटणारा हिच आपल्या पोलादी दांड्यांनी हा भार पुन्हा पुढे ढकलतो. पण त्याने पेलोडचा आकडा वाढत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

पेलोड वाचवण्यासाठी टंग वेट कमी करावं, म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या भागात सरकवणारे लोक असतात. हे सर्वांत धोक्याचं. टंग वेट 10 टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि वेग वाढेल तसा झोका वाढत जातो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो.

इंजिनं

व्ही-8 हा एकेकाळी या वर्गाचा धर्म होता. आता चित्र मिश्र आहे. एफ-150 मध्ये 2.7 लिटरचं टर्बो व्ही-6 (325 अश्वशक्ती, 542 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर), 5.0 लिटरचं व्ही-8 (400 आणि 556), 3.5 लिटरचं टर्बो व्ही-6 (400 आणि 678) आणि त्याचंच हायब्रिड रूप (430 आणि 773) मिळतं. सिल्व्हराडोमध्ये 2.7 लिटरचं चार सिलिंडरी टर्बो (310 आणि 583), 5.3 लिटर व्ही-8 (355 आणि 519), 6.2 लिटर व्ही-8 (420 आणि 624) आणि 3.0 लिटर डिझेल (305 आणि 671). टुंड्रात फक्त 3.4 लिटरचं दुहेरी टर्बो व्ही-6, साधं (389 आणि 649) किंवा हायब्रिड (437 आणि 790). रामने 2025 साठी जुनं हेमी व्ही-8 काढून सरळ सहा सिलिंडरचं हरिकेन आणलं (420 आणि 636, महाग आवृत्तीत 540 आणि 706). गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं आणि 2026 साठी हेमी परत आलं.

टॉर्कच्या या आकड्यांत टर्बो पुढे दिसतात, पण त्यांचा खरा फायदा उंचीवर कळतो. कोलोरॅडोत आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे आणि पश्चिमेकडून येणारा चढ 7 टक्क्यांचा. हवा विरळ झाली की टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के शक्ती गमावतं. म्हणजे 400 अश्वशक्तीचं व्ही-8 तिथे 270 च्या आसपास उरतं. आपला सहा टनांचा जोड, ट्रक 2,400 किलो आणि ट्रेलर 3,600, त्या चढावर ताशी 65 मैलांनी नेण्यासाठी 240 ते 260 अश्वशक्ती लागते. व्ही-8 तळ गाठतं. टर्बो आपली हवा आपणच दाबून घेतो, त्यामुळे त्याला उंची फारशी जाणवत नाही.

उतारावर उलटा प्रश्न. बोगद्यापासून 700 मीटर खाली उतरताना या जोडाची सुमारे 11 किलोवॉट-तास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर सव्वाशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता डिस्कमध्ये ओतल्यासारखं होतं, आणि पेडल मऊ पडतं. म्हणून माथ्यावरच टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) लावून खालचा गिअर धरायचा. इथे एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाने वेग रोखणारी सोय) असलेलं डिझेल आणि मोठं व्ही-8 छोट्या टर्बोपेक्षा बरं रोखतात.

टिकाऊपणात कोणीच निष्कलंक नाही. व्ही-8 म्हणजे निर्धास्त, ही समजूत 2025 मध्ये जीएमने 6.2 लिटर इंजिनाच्या अमेरिकेतल्या सुमारे 6 लाख गाड्या परत बोलावल्या तेव्हा ढिली झाली. 2021 ते 2024 च्या मॉडेलांत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचे दोष होते. तपासणीत पास झालेल्या इंजिनांना 0-डब्ल्यू-20 ऐवजी घट्ट 0-डब्ल्यू-40 तेल भरून दिलं गेलं. टोयोटाने 2024 मध्ये सुमारे 1 लाख 2 हजार गाड्या बोलावल्या, कारण कारखान्यात इंजिनात राहिलेला धातूचा कीस बेअरिंग खात होता. जीएमच्या 5.3 लिटरमध्ये सिलिंडर बंद-चालू करणाऱ्या यंत्रणेचे लिफ्टर अडकतात, 2017 ते 2020 च्या फोर्डच्या 3.5 लिटर टर्बोमध्ये थंडीत सुरू करताना कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) खडखडतात, हेमीत एक्झॉस्टचे बोल्ट तुटतात. वापरलेला ट्रक घेताना सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जाऊन सुरू करून ऐकावा तो यासाठीच.

मायलेज

रिकाम्या ट्रकचे सरकारी आकडे असे: बहुतेक पेट्रोल मॉडेलं एकंदरीत गॅलनला 17 ते 21 मैल, म्हणजे लिटरला 7 ते 9 किलोमीटर. फोर्डचं हायब्रिड 23 च्या आसपास. जीएमचं डिझेल हायवेवर 29, म्हणजे लिटरला 12. डिझेलला मात्र युरियाचं द्रावण लागतं, आणि रोज चार किलोमीटरच फिरणाऱ्याच्या गाडीत काजळीचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही. अशांनी डिझेलच्या नादी लागू नये.

ट्रेलर लावला की हे सगळे फरक पुसट होतात, कारण खर्च हवेवर होतो. उंच ट्रेलरचा समोरचा भाग साडेपाच चौरस मीटर धरला तर ताशी 65 मैलांना केवळ हवा कापायला 57 किलोवॉट लागतात. टायरांचं घर्षण धरून 74. इंजिनाची कार्यक्षमता 28 टक्के मानली तर गॅलनला 8 मैल निघतात, लिटरला साडेतीन किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर ट्रेलरवाले साधारण हेच सांगतात, मग बॉनेटखाली व्ही-6 असो की व्ही-8. वेग 55 केला तर हवेचा रोध 28 टक्क्यांनी घटतो. इंजिन बदलून इतकी बचत कोणी करून देत नाही.

विजेच्या ट्रकचं दुखणं याच हिशेबात आहे. एफ-150 लाइटनिंगची मोठी बॅटरी 131 किलोवॉट-तासांची. रिकामी गाडी 320 मैल जाते, याच ट्रेलरसह सव्वाशे मैलांच्या आत थांबते. ताकद भरपूर, चढावर तर पेट्रोलपेक्षा सरस. पण 36 गॅलनच्या पेट्रोलच्या टाकीत 1,200 किलोवॉट-तास असतात. शिवाय बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावता येत नाही.

किंमत

2025 मध्ये साधं कामगारी मॉडेल 37 ते 40 हजार डॉलरपासून सुरू होत होतं, वर वाहतुकीचे सुमारे दोन हजार. चामड्याची सीट, काचेचं छप्पर आणि 22 इंची चाकं घेतली की 75-80 हजार होतात. आणि इथे गंमत आहे: प्रत्येक चैनीचं वजन पेलोडमधून वजा होतं. त्याच इंजिनाचा 45 हजारांचा ट्रक 80 हजारांच्या भावंडापेक्षा जास्त ओझं वाहतो. ओढायलाच घ्यायचा असेल तर पैसा सजावटीवर न घालता इंजिन, एक्सलच्या गिअरचं मोठं गुणोत्तर (3.31 ऐवजी 3.55 किंवा 3.73) आणि टोइंग पॅकेज यांवर घालावा. माझ्या मते रिकामा फिरणारा आणि कधीमधी दोन टनांची बोट ओढणारा माणूस 2.7 लिटरच्या फोर्डवर खूश राहील. दरमहा डोंगर चढणाऱ्याने 3.5 घ्यावं. हायब्रिडचं पेट्रोल वाचवणं दुय्यम, त्याची हौद्यातली 7.2 किलोवॉटची वीज हेच खरं आकर्षण. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससची वीज गेली तेव्हा फोर्डने डीलरना असे ट्रक लोकांना जनरेटर म्हणून वापरायला देण्यास सांगितलं होतं.

स्पर्धा चार-पाच नावांतच का फिरते, याचं एक कारण जुनं आहे. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला, त्याच्या बदल्यात 1964 पासून आयात हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात बसली. टुंड्रा म्हणूनच टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओला बनते. निसानची टायटन 2024 मध्ये बंद झाली.

चार टनांपुढचा ट्रेलर नेहमी ओढायचा असेल तर या वर्गात घुटमळू नये. एफ-250 किंवा राम 2500 सारखे जड ट्रक बघावेत. 8,500 पौंडांपुढच्या एकूण वजनाच्या गाड्यांवर सरकारी मायलेजचं लेबलच नसतं, तेव्हा तो आकडा शोरूममध्ये शोधू नका.

गाडी घेतल्यावर पहिल्या मोठ्या प्रवासाआधी हायवेवरच्या ट्रक स्टॉपमधल्या वजनकाट्यावर जा. टाकी भरलेली, घरची माणसं आत, सामान जागेवर. एकदा ट्रेलर जोडून आणि हिचच्या दांड्या ताणून, एकदा दांड्या ढिल्या करून, एकदा ट्रेलर सोडून नुसता ट्रक. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावतीत ट्रकच्या दोन्ही एक्सलच्या बेरजेचा जो फरक येईल ते तुमचं टंग वेट. पहिल्या पावतीतला मागच्या एक्सलचा आकडा चौकटीवरच्या एक्सल मर्यादेशी ताडून पाहा. तो जास्त भरला तर आधी ट्रेलरच्या पुढच्या भागातली पाण्याची टाकी रिकामी करा आणि पुन्हा तोला.