गो भाषेतील एक्स्पोर्टेड नावे

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत एका पॅकेजमधले (म्हणजे कोडच्या फाइलींच्या एका गटातले) नाव दुसऱ्या पॅकेजला दिसणार की नाही, हे त्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरते. ते कॅपिटल असेल तर नाव ‘एक्स्पोर्टेड’, म्हणजे बाहेर खुले. एरवी ते पॅकेजपुरतेच. जावामध्ये यासाठी पब्लिक, प्रायव्हेट असे शब्द आहेत, गोमध्ये असा एकही नाही. रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये ही भाषा आखायला घेतली. २००९ मध्ये ती जाहीर झाली.

मर्यादा फाइलीची नसून पॅकेजची आहे. एकाच पॅकेजच्या फाइली एकमेकींतली स्मॉल अक्षरांची नावे बिनदिक्कत वापरतात. बाहेरून वापरताना आधी पॅकेजचे नाव लिहून टिंब द्यावे लागते, उदाहरणार्थ ‘बाइट्स.बफर’. एक्स्पोर्ट न झालेली दोन नावे सारखी लिहिली असली, तरी पॅकेज वेगळे असेल तर भाषा त्यांना वेगळीच मानते. स्ट्रक्टच्या (अनेक मूल्ये एकत्र बांधणाऱ्या रचनेच्या) फील्डलाही, म्हणजे त्यातल्या एकेका मूल्याच्या नावालाही, हाच नियम आहे, आणि नवखे इथेच अडतात: फील्डचे पहिले अक्षर स्मॉल असेल तर जेसनचे (माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या मजकूर-स्वरूपाचे) प्रमाणित पॅकेज ते फील्ड काही न सांगता वगळते.

कोड वाचणाऱ्याला हा नियम फार सोयीचा आहे. नाव जिथे वापरले तिथेच ते खुले की खासगी हे कळते, मूळ व्याख्या शोधावी लागत नाही.

देवनागरीत मात्र कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही. ‘वजन’ किंवा ‘दर’ ही नावे गोमध्ये चालतात, पण ती एक्स्पोर्ट होऊ शकत नाहीत. त्यासाठी नावाच्या सुरुवातीला रोमन कॅपिटल एक्ससारखे अक्षर जोडावे लागते. ‘किंमत’ आणि ‘रक्कम’ तर चालतच नाहीत, कारण नावात फक्त युनिकोडने (लिप्यांतल्या चिन्हांच्या जागतिक मानकाने) अक्षर किंवा अंक म्हणून नोंदलेली चिन्हे आणि अंडरस्कोअर घेतात. वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त त्यांत बसत नाहीत. याच थॉम्पसन आणि पाइक यांनी १९९२ मध्ये जगभरच्या लिप्या सामावणारी यूटीएफ-८ पद्धत घडवली, म्हणून ही उणीव अधिकच खटकते. एक्स जोडण्याचा उपाय समाधानकारक नाही, हे गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही मान्य केले आहे. जावा आणि पायथन ३ मध्ये ‘किंमत’ हे नाव जसेच्या तसे चालते.