जायरोतली ऊर्जा आडवी जाते, पण दोन वाटांनी

पिझोइलेक्ट्रिक जायरोस्कोपबद्दल (वाकला की विद्युतभार देणाऱ्या स्फटिकानं फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण) वाचताना 'एका कंपनातली ऊर्जा दुसऱ्या कंपनात जाते' हे वाक्य दोनदा भेटतं. एकदा कोरिऑलिस बलाच्या (फिरणाऱ्या वस्तूत हलणाऱ्या भागाला आडवं ढकलणारं बल) संदर्भात, एकदा अंतर्गत अनुनादाच्या (एकाच वस्तूतल्या दोन कंपनांच्या वारंवारता जुळल्यानं होणारी देवाणघेवाण). शब्द तेच, म्हणून भानगडही एकच असावी असं वाटतं. तसं नाही. पहिलीसाठीच तर जायरो बनवतात. दुसरी बहुतेकदा न बोलावता येते.

पहिली सरळ आहे. क्वार्ट्झचा चिमुकला नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) घ्या. व्होल्टेज देऊन त्याच्या दोन पात्या जवळ-लांब, जवळ-लांब हलत्या ठेवायच्या. आता काटा दांड्याभोवती फिरवला की एक पाती पुढे ढकलली जाते, दुसरी मागे. पाती वाकली की क्वार्ट्झवर विद्युतभार येतो आणि तो मोजला की फिरण्याचा वेग कळतो. कोरिऑलिस बल वेगाला कायम काटकोनात असतं, त्यामुळे ते पदरची ऊर्जा काहीच घालत नाही; इकडची काढून तिकडे देतं. फिरण्याचा वेग दुप्पट तर सिग्नल दुप्पट, दिशा उलटी तर सिग्नल उलटा. फिरणं थांबलं की देवाणघेवाणही थांबली.

दुसरीला फिरणं लागतच नाही. कॉलेजच्या लॅबमधली स्प्रिंग टांगा आणि मूळची ३० सेंटीमीटर लांबी ४० होईल इतकं वजन लावा. वजन अगदी सरळ खाली ओढून सोडा. थोडा वेळ ते शहाण्यासारखं वर-खाली होतं. मग नकळत बाजूला डुलायला लागतं, वर-खाली होणं जवळपास मरतं आणि वजन घड्याळाच्या लंबकासारखं झुलतं. काही वेळानं पुन्हा वर-खाली. कोणी हात लावलेला नसतो! (जमेपर्यंत वजन थोडं कमी-जास्त करावं लागतं, स्प्रिंगचं स्वतःचं वजनही मध्ये येतं.) कारण एवढंच की इथे वर-खाली कंपनाची वारंवारता झुलण्याच्या बरोबर दुप्पट पडते. झुलताना स्प्रिंगवरचा ताण प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो, म्हणून दोन्ही कंपनांचं जुळतं. विट आणि गोरेलिक यांनी याचं गणित १९३३ मध्ये मांडलं. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, विल्यम फ्रूड यांनी जहाजांत हेच हेरलं होतं: पुढे-मागे डोलण्याची वारंवारता कडेला कलण्याच्या दुप्पट असेल, तर जहाज वाईट कलंडतं.

जायरोच्या पातीतही दोन कंपनांच्या वारंवारता अशा जुळल्या आणि ड्राइव्ह, म्हणजे पात्या हलत्या ठेवणारं व्होल्टेज, जोरात दिला, तर हेच होतं. मात्र घर्षणामुळे इथे एक उंबरठा असतो: त्याच्या आत काहीच नाही, ओलांडला की एकदम सुरू. ओलांडल्यावर ड्राइव्ह आणखी वाढवला तरी मूळ कंपन फारसं वाढत नाही. जादा ऊर्जा निम्म्या वारंवारतेच्या मंद कंपनाकडे वळते.

म्हणून जायरो टेबलावर स्थिर ठेवूनही सेन्सकडे (जिथे विद्युतभार मोजतात तिथे) हालचाल दिसली, तर ड्राइव्हचं व्होल्टेज हळूहळू कमी करून पाहावं. निम्म्या वारंवारतेचा सिग्नल एका टप्प्यावर गपकन विझला, तर तो अंतर्गत अनुनाद. ड्राइव्हच्याच वारंवारतेनं व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत गेला, तर तो पाती घडवतानाचा तिरकेपणा, आणि ती तिसरीच कटकट.