दारिद्र्यव्रत, फ्रान्सिस्कन

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी इटलीत स्थापन केलेल्या संघाचे मुख्य व्रत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते सर्वच कॅथलिक संघांत घेतली जातात. पण फ्रान्सिसपूर्व काळात साधूच्या नावावर काही नसले तरी मठाच्या नावावर जमिनी, द्राक्षमळे, कोठारे, गिरण्या असत. साधू कफल्लक आणि मठ जमीनदार, ही स्थिती युरोपात कित्येक शतके कोणाला खटकत नव्हती. फ्रान्सिस यांनी ही पळवाट बंद केली. बंधूंच्या, म्हणजे संघातल्या साधूंच्या, नावावर काही नको आणि संघाच्या नावावरही नको. एवढ्या एका अटीपायी पोप, कायदेपंडित आणि खुद्द संघातले बंधू पुढे शंभर वर्षे भांडत राहिले.

व्रताचे मूळ शुभवर्तमानात आहे. देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, असे येशू सांगतो. एका श्रीमंत तरुणाला तो सर्व विकून गोरगरिबांना वाटायला सांगतो आणि तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. या वचनांचे करायचे काय, हा प्रश्न चर्चला पहिल्यापासून छळत आला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्यांचा अर्थ लावला तो असा : सोडायची ती धनाची आसक्ती, खुद्द धन नव्हे, धन हाताशी असेल तरच दानधर्म होईल. अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण बंदरातल्या सुखवस्तू ख्रिस्ती व्यापाऱ्यांना तो सोयीचा होता हेही खरे. फ्रान्सिस यांनी मात्र वचने अक्षरशः घेतली.

त्यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ चा. वडील पिएत्रो दी बेर्नार्दोने कापडाचे मोठे व्यापारी. मुलगा उधळ्या, मित्रांच्या मेजवान्यांत पुढे. पुढे पडक्या देवळाच्या डागडुजीसाठी त्याने दुकानातले कापड परस्पर विकले, तेव्हा बापाने त्याला बिशपपुढे खेचले. १२०६ च्या सुमारास असिसीच्या बिशपसमोर फ्रान्सिस यांनी पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या हवाली केले. बिशपने आपल्या झग्याने त्यांना झाकले. कापडवाल्याच्या मुलाने कापडच परत करावे, ही गोष्ट त्या गावाला न सांगता कळली असणार. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातला उतारा त्यांच्या कानावर पडला : सोने, रुपे, तांबे बरोबर घेऊ नका, झोळी नको, दुसरा अंगरखा नको. त्यांनी वहाणा काढल्या, काठी टाकली आणि कमरपट्ट्याऐवजी दोरी बांधली. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी या जीवनक्रमाला तोंडी संमती दिली.

होनोरियस तिसरे यांनी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी मंजूर केलेला नियम छोटेखानी आहे. बंधूंनी नाणी किंवा पैसा कोणत्याही रूपात, स्वतः किंवा मध्यस्थामार्फत, घेऊ नये. घर, जागा, कोणतीही वस्तू आपली म्हणू नये. या जगात वाटसरू आणि परके म्हणून राहावे. कामाचा मोबदला म्हणून शरीराला लागेल ते घ्यावे, पैसा नव्हे. कमी पडले तर भिक्षा मागावी. कपड्यांना ठिगळे लावावीत. आजारी आणि उघड्या बंधूंची सोय मात्र वरिष्ठांनी हितचिंतकांकडून करून घ्यावी. माधुकरी आणि अपरिग्रह हे शब्द ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटणार नाही. फरक एकच : अपरिग्रह हे एकेकट्याचे व्रत असते, फ्रान्सिस यांनी ते हजारो माणसांच्या संस्थेला लावायचे ठरवले.

चरित्रकार चेलानोच्या थॉमसने नोंदवलेल्या दोन प्रसंगांत पुढचा सगळा वाद बीजरूपाने दिसतो. असिसीजवळच्या पोर्त्सिउंकुलाच्या देवळात कोणी भाविकाने क्रुसापाशी पैसे ठेवले. एका बंधूने ते सहज हाताने उचलून खिडकीत टाकले. फ्रान्सिस यांनी त्याला ते तोंडात धरून बाहेर नेऊन गाढवाच्या लिदीवर ठेवायला लावले. दुसरा प्रसंग त्याच जागेचा. सभेसाठी जमणाऱ्या बंधूंसाठी गावकऱ्यांनी एक पक्के घर बांधले होते. फ्रान्सिस परतले, घर पाहिले, सरळ छपरावर चढले आणि कौले खाली फेकू लागले. खाली उभ्या असलेल्या नगराच्या माणसांनी सांगितले, हे घर संघाचे नाही, नगराचे आहे. तेव्हा ते खाली उतरले. बोलोन्यातही असेच घडले. तिथल्या घराला लोक बंधूंचे घर म्हणतात हे कळताच त्यांनी सर्वांना, आजाऱ्यांनाही, बाहेर काढले. कार्डिनल उगोलिनो यांनी ते घर आपल्या मालकीचे असल्याचे जाहीर केल्यावरच बंधू आत गेले. म्हणजे छप्पर तेच, राहणारे तेच. बदलला तो कागदावरचा धनी. ही युक्ती संस्थापकाच्या हयातीतच आणि त्याच्या संमतीने रुजली, हे कडव्या अनुयायांना पुढे सोयीस्करपणे आठवत नसे.

फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी वारले. उगोलिनो यांनी, आता ते पोप नववे ग्रेगरी झाले होते, १६ जुलै १२२८ रोजी त्यांना संत घोषित केले आणि दुसऱ्याच दिवशी असिसीत त्यांच्या नावाच्या भव्य बॅसिलिकाची कोनशिला बसवली. दारिद्र्याचे एक विचित्र अर्थकारण असते : जो काही मागत नाही त्याला लोक भरभरून देतात. शहरोशहरी देणग्या, मृत्युपत्रांतून आलेली घरे, पुस्तके, चांदीची पात्रे संघाच्या दाराशी येऊ लागली. अनुयायी विद्यापीठांत शिकवू लागले, त्यांना ग्रंथालये लागू लागली. याच काळात असिसीच्या सान दामियानो मठात फ्रान्सिस यांच्या अनुयायी संत क्लेअर मात्र उलट दिशेने झगडत होत्या. पोप मालमत्ता देऊ करत होते आणि त्या नाकारत होत्या. मालमत्ता न बाळगण्याच्या हक्कासह त्यांचा नियम ९ ऑगस्ट १२५३ रोजी मंजूर झाला. ११ तारखेला त्या वारल्या.

बंधूंच्या संघासाठी पोपच्या दरबाराने हळूहळू एक कायदेशीर रचना उभी केली. १२३० मध्ये ग्रेगरी यांनी नियम जसाच्या तसा पाळा असे बजावणारे फ्रान्सिस यांचे मृत्युपत्र बंधनकारक नसल्याचे सांगितले आणि बंधूंच्या गरजांसाठी बाहेरच्या माणसांनी पैसा हाताळावा अशी वाट काढली. १२४५ मध्ये चौथे इनोसंट यांनी संघाकडे येणारी मालमत्ता पोपच्या गादीच्या नावावर घेतली. १२७९ मध्ये तिसरे निकोलस यांनी सिद्धान्त पक्का केला : बंधूंना मालकी नाही, वापराचा हक्कही नाही, आहे तो केवळ प्रत्यक्ष वापर. बेर्गामोच्या बोनाग्रात्सिया या संघातल्या कायदेपंडिताने पुढे दाखला दिला तो मासलेवाईक आहे. घोडा चंदी खातो, पण म्हणून चंदी त्याच्या मालकीची होते का?

संघातल्याच कडव्यांना, ज्यांना ‘आत्मिक’ म्हणत, घोड्याच्या दाखल्याने समाधान नव्हते. मालकी पोपची असेना का, भरलेली कोठारे आणि तळघरे तर बंधूंचीच आहेत ना, असा त्यांचा सवाल. वापरही गरिबाचाच हवा, ही त्यांची मागणी. पोप बाविसावे जॉन यांनी १३१७ मध्ये त्यांना फटकारले : दारिद्र्य थोर, ब्रह्मचर्य त्याहून थोर, पण आज्ञापालन सर्वांत थोर. ७ मे १३१८ रोजी मार्सेयमध्ये चार बंधूंना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या खटल्यात झग्याची लांबी आणि धान्याचा साठा हे विषय होते, हे आज वाचताना विश्वास बसत नाही.

जॉन स्वतः कसलेले कायदेपंडित. त्यांनी मग संघाच्या मुख्य प्रवाहालाही सोडले नाही. १३२२ मध्ये त्यांनी पोपच्या नावावरची ही मालकी परतच केली. जी वस्तू वापरताच संपते तिचा वापर आणि मालकी वेगळी कशी काढणार? बंधूंना मिळालेले एखादे अंडे, चीजचा तुकडा, पावाचा कोर रोमच्या चर्चच्या मालकीचा, असे कोणा शहाण्या माणसाला वाटेल? प्रश्न बिनतोड होता. १२ नोव्हेंबर १३२३ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले : ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्याकडे स्वतंत्रपणे वा सामाईकपणे काहीच मालमत्ता नव्हती, असे हट्टाने म्हणणे हा पाखंड ठरवला. याला विरोध करणारे संघप्रमुख चेझेनाचा मिकेल, तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम आणि बोनाग्रात्सिया हे मे १३२८ मध्ये, पोपचे तेव्हा वास्तव्य असलेल्या आविन्यों शहरातून रातोरात पळाले आणि सम्राट बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला गेले.

तडा कायमचा राहिला. कडक पाळणारे आणि सैल पाळणारे असे गट पडत गेले आणि १५१७ मध्ये पोप दहावे लिओ यांनी त्यांना अधिकृतपणे वेगळे केले. १५२८ मध्ये आणखी कडक अशी कपुचिन शाखा निघाली. आधुनिक काळातला प्रसंग सांगायचा तर, डिसेंबर २०१४ मध्ये संघाच्या मुख्य शाखेच्या प्रमुखांनी जगभरच्या बंधूंना पत्र लिहून कळवले की रोममधल्या मुख्यालयाची आर्थिक स्थिती गंभीर आहे, कर्जाचा बोजा मोठा आहे आणि व्यवहारांत गैरप्रकार झाले आहेत.

ज्या १५१७ साली संघ दुभंगला त्याच साली फ्रान्सिस्कनांची एक तुकडी गोव्यात उतरली; पुढे वसई, साष्टीतही त्यांनी मठ आणि देवळे उभारली. वसईच्या किल्ल्यातील त्यांच्या पडक्या देवळात फरशीवर पोर्तुगीज सरदारांच्या कोरीव थडग्यांचे दगड आहेत. भिक्षेकरी संघाच्या भूमीत पुरले जाणे हे श्रीमंतांना पुण्याचे वाटे. वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांची कहाणी मात्र थेट असिसीशी नाते सांगते. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानच्या बाजूला व्यापारात जम बसला असताना ते धंदा सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले, दुभाषे म्हणून जपानला परतले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

प्रॉटेस्टंट पंथांनी असली व्रते नाकारली. तरीही रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ही प्रेरणा त्यांना इटलीपेक्षा वारकरी संतांकडून आली असावी.

जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस यांचे आजचे देऊळ १६६१ मध्ये नव्याने बांधलेले आहे. मुख्य वेदी भिंतभर उंच, कोरीव आणि सोन्याच्या मुलाम्याची. मध्यभागी क्रुसावरचा ख्रिस्त एक हात सोडवून फ्रान्सिस यांना जवळ घेतो आहे, आणि दोघांच्या पायाखालच्या बैठकीवर व्रते कोरली आहेत : दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. पोर्तुगालने १८३४ मध्ये संन्यस्त संघ बरखास्त केले. पुढच्या वर्षी गोव्यातही त्याची अंमलबजावणी होऊन बंधूंना मठ सोडावा लागला आणि मालमत्ता सरकारजमा झाली. देवळाला लागून असलेल्या त्या मठात आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. तिकीट काढून आत गेले की वीरगळ आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रे पाहायला मिळतात.