उन्हाची सही

‘सावळ्या माणसाला कातडीचा कॅन्सर होत नाही’ हे वाक्य चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहायलाच बसलो. बॉब मार्ली १९८१ साली, अवघ्या ३६व्या वर्षी गेला, तो पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरनं. सावळ्या कातडीत धोका बराच कमी असतो हे खरं, पण नसतोच असं नाही.

बाह्यत्वचेच्या तळाशी बेसल पेशी असतात, त्यांच्या वर चपट्या स्क्वेमस पेशींचे थर, आणि तळाशीच अधूनमधून रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी. तिघींचे कॅन्सर वेगळे. बेसल पेशींचा सर्वांत जास्त आढळतो. चकचकीत पुटकुळीसारखा दिसतो, सावकाश वाढतो, दूर क्वचितच पसरतो. स्क्वेमस पेशींचा खरखरीत, खपली धरणारा. भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेतही तो उद्भवतो. मेलॅनोमा सर्वांत कमी आढळतो, पण जीव घेण्यात सर्वांत पुढे.

यातल्या बहुतेकांचं मूळ उन्हातल्या अतिनील किरणांत आहे, आणि ते किरण पेशीत नेमकं काय करतात ते पाहिलं की मी दर वेळी थक्क होतो. डीएनएच्या साखळीत ए, टी, जी, सी ही चार अक्षरं. दोन टी, किंवा टी आणि सी, शेजारी आले आणि किरणाची ऊर्जा त्यांनी शोषली, की ते एकमेकांना चिकटतात. एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या साधारण एका भागात हे उरकतं! साखळीला तिथे बाक येतो. दुरुस्ती करणारी प्रथिनं तो बाक हुडकतात, दोन्ही बाजूंनी कापून साधारण तीस अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरची साखळी वाचून नवा भरतात. हे उलगडणाऱ्या अझीझ संजार यांना २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

दुरुस्ती राहून गेली तर? चिकटलेले दोन टी असले, तर पेशी ते बहुधा बरोबर वाचते. घात होतो तो सी असला तर. चिकटलेल्या सीमधला अमिनो गट गळून पडतो, तो यू हे वेगळंच अक्षर होतो, आणि नक्कल करताना पेशी त्याला टी समजते. सीच्या जागी टी, कधी लागोपाठच्या दोन सींच्या जागी दोन टी. ही उन्हाची सही. १९९१ साली ती स्क्वेमस कॅन्सरमधल्या पी५३ या रखवालदार जनुकात सापडली. झीरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजारात ही दुरुस्तीच नीट होत नाही; अशा मुलांना दहाव्या वर्षाच्या आतही कातडीचे कॅन्सर होतात.

तिळांवरून भविष्य सांगणाऱ्यांना तिळातलं काहीही कळत नाही. पाहायचं ते एवढंच: तीळ वेडावाकडा आहे का, कडा फाटक्या आहेत का, रंग मिश्र आहे का, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, आणि मुख्य म्हणजे बदलतोय का. तळवे आणि नखंही बघा. मलमानं तीळ जाळून टाकणं धोक्याचं, कारण वरचा डाग जातो आणि खाली कॅन्सर वाढत राहू शकतो.

लवकर सापडला तर बहुतेक वेळा कापून काढणं पुरतं. चेहऱ्यावर मोह्‌स शस्त्रक्रिया करतात: पातळ थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासायच्या, कॅन्सर उरला असेल तिथलाच पुढचा थर काढायचा. पसरलेल्या मेलॅनोमावर २०११पासून प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवणारी औषधं आली. त्यामागच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं. आणि इथे ती सही पुन्हा भेटते. उन्हानं झालेल्या मेलॅनोमात इतके बदल साचलेले असतात, की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना (या ‘टी’चा डीएनएतल्या अक्षराशी संबंध नाही) तो परका म्हणून ओळखू येतो. तळपायाच्या आणि नखाखालच्या मेलॅनोमात ही सही फारशी नसते, आणि हीच औषधं तिथे तितकीशी लागू पडत नाहीत.