अंबाझरी उद्यान

अंबाझरी उद्यान : नागपूरच्या पश्चिम भागात, अंबाझरी तलावाला लागून असलेले सार्वजनिक उद्यान. स्थापना १९५८, विस्तार सुमारे १८ एकर. तलाव भरला की सांडव्यावरून पडणारे पाणी नाग नदी होऊन शहरात शिरते, म्हणून या बागेला नदीकाठची बाग म्हणायला हरकत नाही. नागपूरकर मात्र तसे म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी बाग तलावाची, आणि खालून वाहतो तो ‘नाग नाला’. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले तिला शहरानेच नाला म्हणावे, याचे नवल इथे फारसे कोणाला वाटत नाही. या बागेचा बराचसा इतिहास त्या एका शब्दात आहे.

नाग नदीचा उगम शहराच्या पश्चिमेकडील वाडी या गावाजवळच्या लावा गावच्या टेकड्यांत धरतात. गावाच्या नावाचे ज्वालामुखीच्या लाव्हाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग, पण भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने तो चुकलेला नाही. दख्खनचा काळा पाषाण पूर्वेकडे पसरत येऊन नागपुरात संपतो. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने पट्टिताश्म (पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) आणि वालुकाश्म, अशी ही सीमारेषा आहे. अंबाझरीचा परिसर तिच्या पश्चिमेकडचा, म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. पावसाळ्याच्या सुरुवातीला ही माती पाणी पिते. एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरूनच धावते. तलाव बांधायला असा उतार सोयीचा, आणि पुराला कारणीभूतही तोच.

या दगडाची पहिली नीट ओळख करून दिली ती स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४५ मध्ये तो नागपुरात आला. शहराच्या वायव्येला टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये दबलेला गाळाचा थर त्याने आणि रॉबर्ट हंटरने तपासला, आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे आणि बिया यांचे जीवाश्म सापडले. त्यांचा नागपूर परिसराविषयीचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात आला. लाव्हाचा एक लोट थंडावल्यावर आणि दुसरा येण्याआधी, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे तळी होती. नागपूर तलावांचे शहर आहे असे आपण म्हणतो ते भोसल्यांच्या हिशोबाने. खडकाचा हिशोब त्याहून बराच मागे जातो. हिस्लॉपचा शेवटही पाण्यातच झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. नागपुरातले हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागकाठची बारा खेडी जोडून नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी इथे आणली आणि नाग नदीचे पाणी अडवून जुम्मा तलाव केला. तोच आजचा शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर. भोसल्यांच्या काळात पश्चिमेला अंबाझरीचा तलाव आला. या जागेचे जुने नाव बिंबाझरी होते असे सांगतात. ‘आंबा’ आणि ‘झरी’ अशी फोड लोकांना अधिक पटते, कारण काठावर आमराया होत्या. तलावाचे पाणी मातीच्या नळांनी दरबारी मंडळी आणि सरदारांच्या वाड्यांकडे जाई. सामान्य नागपूरकराची तहान विहिरींवर भागत असे.

१८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्यानंतर इंग्रजांनी वीसेक वर्षांतच हा तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी हाती घेतला. जुन्या बांधाची उंची १७ फुटांनी वाढवली, सुमारे चार मैल लांब लोखंडी नळ टाकले आणि १८७३ मध्ये योजना सुरू झाली. खर्च आला चार लाख रुपये. आज धरणाच्या भिंतीवरून फिरताना आपण मराठी बांधावर चढवलेल्या इंग्रजी मातीवरून चालत असतो, हे सहसा लक्षात येत नाही. वस्ती वाढली, उंचावरच्या मोहल्ल्यांत पाणी चढेना, तेव्हा नवे स्रोत शोधावे लागले: आधी गोरेवाडा तलाव, मग कन्हान नदी, शेवटी पेंच. अंबाझरीचे पिण्याच्या पाण्याचे काम संपले आणि ते पाणी उद्योगांकडे वळले. तलावाशी शहराचा रोजचा संबंध उरला तो सहलीपुरता.

उद्यान आले ते याच वळणावर. १९५८ हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली, सांडपाणी आणि जलशुद्धीकरणाचा अभ्यास करणारी आणि पुढे ‘नीरी’ म्हणून देशभर ओळखली गेलेली संस्था नागपुरातच स्थापन झाली. एकाच शहरात एकाच वर्षी नदीच्या तोंडाशी बाग आणि पाण्याच्या दुखण्यावर संशोधन दोन्ही सुरू झाले, आणि नदीचा नाला होणे त्यानंतरच्या दशकांत पुरे झाले.

बागेचे वैभव म्हणजे हिरवळ, कारंजी, मुलांची छोटी रेल्वे आणि तलावातली नाव. नागपुरात वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांचे शाळेच्या सहलीचे फोटो इथले आहेत. कार्तिकात आवळीभोजनाचे डबे, कोजागिरीला आटवलेले दूध, पावसाळ्यात भाजलेला भुट्टा, असे इथले पंचांग. त्यात सर्वांत मोठा सण ‘ओव्हरफ्लो’चा. तलाव भरून सांडव्यावरून पांढरे पाणी पडू लागले की बातमी घराघरांत पोचते आणि माणसे ते पाहायला निघतात. सांडवा हा मराठी शब्द तिथे कोणी उच्चारत नाही.

मधल्या काळात बागेची रया गेली. ती एका खाजगी विकासकाकडे देण्यात आली आणि बराच काळ बंदच राहिली. याच परिसरातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, पाडले गेले. त्याच जागी ते पुन्हा उभे राहावे म्हणून लांबलेले आंदोलन झाले, त्यात महिला आघाडीवर होत्या. सार्वजनिक जागेचे मालक कोण, हा प्रश्न त्यांनी या बागेला पहिल्यांदा जोरात विचारला.

निसर्ग म्हणून पाहायचे तर बागेपेक्षा भिंत आणि तलाव जास्त पाहण्यासारखे. सकाळी साडेसहाला भिंतीवर उभे राहिले की काठालगत टिबुकल्या बुडी मारतात, आणि कुठे वर येतील याचा अंदाज दर वेळी चुकतो. पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. हळदीकुंकू बदकांच्या चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशीचा लाल ठिपका दुर्बिणीशिवायही दिसतो. हिवाळ्यात वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे थवे येतात: काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, नाव ठेवणाऱ्याची नजर दाद देण्यासारखी. अलीकडे मात्र पक्ष्यांच्या आधी डोळ्यांत भरते ती जलपर्णी. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीकडून आणि वाडीकडून येणाऱ्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते. एक झुडूप उपटून पाहावे: वर फुगीर देठ आणि जांभळी फुले, खाली काळपट मुळांची ओली झिपरी, आणि तिला चिकटलेला गाळ. यंत्राने उपसा होतो. पाण्यातले खाद्य कायम असल्याने ती परत पसरते. तलावाच्या पश्चिमेला वनविभागाने सुमारे साडेसातशे हेक्टरांवर जैवविविधता उद्यान राखले आहे. झुडपी रान आणि गवताळ माळ तिथे अजून शिल्लक आहे.

भिंतीवरच्या झाडांचा वाद वेगळाच आहे. धरण मातीचे आहे. त्यावर उगवलेले झाड वाळले की त्याची मुळे कुजून पोकळ नळ्या तयार होतात, पाणी त्यांतून झिरपते, सोबत माती नेते आणि भोक मोठे होत जाते. म्हणून जलसंपदा खात्याला झाडे नकोत. झाडे तोडू नका म्हणणाऱ्यांना सावली आणि पक्षी दिसतात. दोघांचेही खरे आहे; पण मातीच्या धरणावर झाडे एवढी मोठी होईपर्यंत कोणी पाहिले नाही, हे त्याहून खरे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. नागपूरची वर्षाची सरासरी अकराशेच्या आसपास, म्हणजे वर्षाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका रात्रीत. सांडव्याला दरवाजे नव्हते. तलाव भरला तसा तो वाहिला. खाली अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या वस्त्यांत माणसे झोपेत असताना पाणी शिरले. जीव गेले, हजारो घरांत चिखल झाला, लष्कराला आणि आपत्ती दलांना बोलवावे लागले. नंतर चर्चा झाली ती पाण्याच्या वाटेत आलेल्या बांधकामांची: सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाची आणि नदीपात्रावर बांधलेल्या स्केटिंग रिंकची. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि सांडव्याला दरवाजे बसवणे, पात्र रुंद करणे, पूल उंच करणे ही कामे पुढे आली. त्या सुनावण्यांच्या बातम्यांत नाल्याला पुन्हा नदी म्हटले जाऊ लागले.

अंबाझरीहून निघालेले पाणी सीताबर्डी, महाल आणि जुन्या शहराचे सांडपाणी घेत पूर्वेला जाते. गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी त्याला शहराबाहेर मिळते. पुढे ते कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे.