पिशवी रोग की सडरोग? आधी चिमट्याने अळी उचलून बघा

"साहेब, पेटीतल्या अळ्या सडतायत, काय टाकू?" जांभूळ फुलण्याच्या सुमारास असे फोन सुरू होतात. सरकारी तपासनीस म्हणून मी मधपाळांच्या पेट्या पाहत फिरतो, आणि मी पोहोचेपर्यंत बऱ्याच ठिकाणी साखरेच्या पाकात प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून झालेली असते. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, अळ्या दोन वेगळ्या रोगांनी मरतात. एक विषाणूचा, थाई सॅकब्रूड, म्हणजे पिशवी रोग. दुसरा जीवाणूचा, युरोपियन फाउलब्रूड, म्हणजे सडरोग. दोन्हींना "अळ्या सडल्या" असं एकच नाव पडलंय, आणि तिथेच पेट्या हातच्या जातात.

पिशवी रोगाबद्दल फार सांगायला नको. 1991-92 मध्ये कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत त्याने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती रिकाम्या केल्या, ते जुन्या मधपाळांना पाठ आहे. सडरोगाची ओळख मात्र कमी. खरं तर तो आपल्या घरचाच म्हणावा लागेल, कारण भारतात सातेरीवर त्याची पहिली नोंद 1971 मध्ये प्रसिद्ध झाली ती महाराष्ट्रातूनच.

आता मुद्द्याचं. जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात एक वाक्य असतं: घर (पोळ्यातला अळीचा कप्पा) उघडं असताना अळी मेली तर सडरोग, घर बंद झाल्यावर मेली तर पिशवी रोग. हे वाक्य वाचलं की माझा जीव जळतो. मेलिफेरावर, म्हणजे युरोपियन मधमाशीवर, ते बऱ्यापैकी चालतं, सातेरीवर फसवतं. सातेरीच्या कामकरी माश्या रोगट अळीच्या घराचं झाकण स्वतःच फोडतात. कधी नुसतं भोक पाडतात, कधी पूर्ण उघडं करतात. तुम्ही पोळ्याची चौकट उचलता तेव्हा पिशवी रोगाने मेलेली अळीसुद्धा उघड्याच घरात दिसते. उलट, सडरोग जोरात असला तर काही अळ्या झाकण लागल्यावर मरतात आणि ते झाकण आत खचतं. म्हणून घर उघडं की बंद, यावरून निदान करू नका.

बघायचं ते अळीचं वय आणि तिची ठेवण. सातेरीचं अंडं तीन दिवसांनी फुटतं, अळी साधारण पाच दिवस खाते, मग घराला झाकण लागतं. खाण्याच्या दिवसांत अळी घराच्या तळाशी कोयरीसारखी वळून पडलेली असते. झाकण लागल्यावर ती सरळ होऊन घराच्या लांबीत आडवी होते, तोंड बाहेरच्या बाजूला. सडरोगाचा जीवाणू अळीच्या आतड्यात वाढतो आणि तिच्या वाट्याचं अन्न खातो, त्यामुळे ती बहुधा वळलेल्या वयातच मरते. वेडीवाकडी पिरगळलेली, घराच्या भिंतीला चिकटलेली, मोत्यासारखा पांढरा रंग जाऊन पिवळट पडलेली. भिंग धरलं तर कातडीखाली श्वासनलिकांच्या पांढऱ्या रेघा दिसतात. पिशवी रोगाची अळी सरळ झाल्यावर मरते. ती पाठीवर ताठ पडलेली असते, डोकं वर उचललेलं, होडीच्या नाळेसारखं, आणि रंग आधी डोक्याकडून काळवंडतो.

एवढ्याने खात्री पटत नसेल तर चिमटा घ्या. माझा सगळा भरवसा या एका परीक्षेवर आहे. सूर्य पाठीशी घ्या, उजेड घराच्या तळापर्यंत जाऊ द्या, आणि अळी डोक्याकडून हळूच वर ओढा. पिशवी रोगात ती अखंड बाहेर येते आणि चिमट्याला पाण्याच्या थैलीसारखी लोंबते. शेवटची कात टाकायची वेळ आलेली असते पण ती टाकता येत नाही, आणि जुनी कातडी व आतलं अंग यांच्यामध्ये पाणी साठतं. ती थैली विषाणूने भरलेली असते, म्हणून ती पेटीजवळ फोडू नका, चिमटाही ज्योतीत धरल्याशिवाय दुसऱ्या पेटीत घालू नका. सडरोगाची अळी अशी उचलली जात नाही. कातडी फाटते आणि चिमट्याला लगदा लागतो. एका अळीवर निकाल देऊ नका. दहा-बारा उचला, कारण दोन्ही रोग एकाच पेटीत असू शकतात.

वासावर जाणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. सडरोगाला आंबूस वास येतो हे खरं, पण आंबलेल्या पाकालाही येतो. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवरूनही काही सांगता येत नाही. वरून काढलेल्या फोटोत घराचा तळ दिसतच नाही.

अमेरिकन फाउलब्रूड या जीवाणूच्याच तिसऱ्या रोगाचं नाव मध्ये कोणी ना कोणी काढतंच. त्यात काडी घालून ओढली की लांब चिकट तार येते. तशी तार आली तर थांबा, काही हलवू नका, तज्ज्ञाला बोलवा. मेणकिड्याची जाळी दिसली तर तो सहसा मूळ आजार नसतो, वसाहत आधीच कमजोर झालेली असते.

फरक एवढा लावून का धरायचा? जावळी भागात एका मधपाळाने पिशवी रोगावर पंधरा दिवस टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पाजलं होतं. विषाणूवर त्याचा काही उपयोग नसतो. मी गेलो तेव्हा चारपैकी तीन पेट्या सोडून माश्या उडून गेल्या होत्या, आणि चौथीतला मध विकू नका असं मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2010 मध्ये तपासलेल्या मधाच्या 12 नमुन्यांपैकी 11 मध्ये प्रतिजैविकं सापडली होती. आपला डोंगरातला मध त्या रांगेत बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

पिशवी रोगात राणीला दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवा. अळीच नसेल तर विषाणूला वाढायला जागा मिळत नाही, आणि माश्या तेवढ्यात घरं साफ करतात. रोगट पोळी काढून जाळा, पाक द्या, पेटीचा दरवाजा लहान करा म्हणजे दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या लूट करणार नाहीत. सडरोगातही मी कॅप्सूलकडे वळत नाही. तो जीवाणू जुन्या पोळ्यात वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून माश्या झटकून नव्या, स्वच्छ चौकटींवर घेतो, राणी बदलतो आणि खाणं भरपूर देतो. पुढे चांगला फुलोरा मिळाला तर वसाहत बहुधा सावरते. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखीच: या पेटीतली चौकट त्या पेटीत घालायची नाही.

चिमट्यानेही उलगडा झाला नाही तर रोगट भागाचा तळहाताएवढा तुकडा कापून पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे पाठवा. तो कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. प्लॅस्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते आणि मग तपासायला काही उरत नाही.