ओव्हनमधले किटण: तेल घट्ट कसे होते आणि कशाने सुटते

दिवाळीच्या तोंडावर नागपुरातल्या अनेक घरांत माळ्यावरचा ओटीजी, म्हणजे भाजण्या-शेकण्याचा छोटा विजेचा ओव्हन, खाली उतरवला जातो. नानकटाईचा पहिला ट्रे आत सरकवण्याआधी तो तापत ठेवला, की दहा-पंधरा मिनिटांत स्वयंपाकघरभर निळसर धूर पसरतो. हा धूर नानकटाईचा नसून मागच्या वेळी आतल्या पत्र्यावर उडालेल्या तुपातेलाचा असतो. तेल फार तापले म्हणजे त्यातील ग्लिसरॉलपासून ॲक्रोलीन नावाचे तिखट वासाचे संयुग तयार होते आणि डोळे चुरचुरतात ते मुख्यतः त्यामुळेच.

पत्र्यावरचा तो तपकिरी, चकचकीत थर भांडी घासायच्या साबणाला दाद देत नाही. त्याचे कारण विदर्भातल्या शेतकऱ्याला ओळखीच्या असलेल्या जवसात सापडते. जवसाच्या तेलातील निम्म्याच्या आसपास वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. त्यांच्या लगत हवेतील ऑक्सिजन जोडला जातो आणि शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचे जाळे बनते. म्हणूनच लाकडावर पातळ चोळलेले जवसाचे तेल काही दिवसांत कोरडे आणि टणक होते, आणि रंग व रोगण तयार करणाऱ्यांनी शतकानुशतके त्याच्या याच गुणाचा उपयोग करून घेतला आहे. आपल्या रोजच्या सोयाबीन तेलात दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल भरपूर असते. ते जवसाइतक्या लवकर वाळत नाही. परंतु 200 अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये, जिथे पातळ थेंबाला उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही मुबलक मिळतात, तिथे तीच क्रिया फार वेगाने घडते. तुपात संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेले मेद जास्त असल्यामुळे, तूप लावून रोडगे भाजले तर उडालेले तूप सोयाबीन तेलापेक्षा बराच जास्त काळ पुसण्याजोगे राहते.

साबणाचे रेणू सुट्या तेलाला घेरून पाण्यात ओढतात, पण जाळ्यात बांधल्या गेलेल्या रेणूंना सुटे करणे त्यांच्या आवाक्यात नसते. म्हणून माझ्या मते ओव्हनच्या निगेतील सर्वांत मोलाचे काम महिन्यातून एकदा घासत बसण्याचे नसून, प्रत्येक वापरानंतर प्लग काढून, आतला भाग कोमट झाला की साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो पुसून घेण्याचे आहे. त्या वेळी बरेचसे तेल अजून तेलच असते.

एकदा घट्ट झालेल्या किटणासाठी अल्कली, म्हणजे सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ लागतो. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांना जोडणारे एस्टर बंध अल्कलीने तुटतात आणि मेदाम्लांचा साबण होतो. या क्रियेचा उलगडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केला आणि 1823 मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. चुलीच्या राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या आज्याही हेच रसायन वापरत होत्या, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. खाण्याच्या सोड्याचे द्रावण सौम्य, म्हणजे सुमारे 8.3 पीएचचे असते (पीएच 7 च्या जितके वर, तितकी अल्कली तीव्र). ते एस्टर बंध फारसे तोडत नाही, पण तापलेल्या तेलात आधीच सुटी झालेली मेदाम्ले त्याने साबणात बदलतात. शिवाय त्याचे कण काचेपेक्षा मऊ असल्याने दारावर ओरखडे उठत नाहीत. धुण्याच्या सोड्याचे पीएच 11 च्या जवळ जाते. तो पोलादी जाळ्यांसाठी उत्तम. त्या कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवाव्यात आणि सकाळी हातमोजे घालून घासाव्यात.

सोड्याचा लेप लावताना नागपूरच्या हवेचा विचार करावाच लागतो. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, तेव्हा मे महिन्यातली दुपार या कामाला सोयीची वाटते. पण त्याच कोरड्या हवेत लेप बघता बघता वाळून पांढरी पूड होतो, आणि पाण्याशिवाय अल्कलीचे काही चालत नाही. लेपावर ओले फडके अंथरून ते अधूनमधून भिजवत राहिले, तर दोन-तीन तासांत थराच्या कडा फुगून उचलल्या जाताना दिसतात आणि लाकडी उलथन्याने त्या अलगद निघतात. त्याच वेळी व्हिनेगर ओतण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. फेस उठतो खरा. परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्याचा किटणावर काही उपयोग नाही. व्हिनेगर वापरायचे ते शेवटी, सोड्याचा पांढरा अंश पुसून काढण्यासाठी.

परदेशी व्हिडिओंमध्ये ओव्हनभर फवारले जाणारे द्रव बहुधा कॉस्टिक सोड्याचे, म्हणजे धुण्याच्या सोड्याहूनही तीव्र अल्कलीचे असतात. तिकडच्या मोठ्या ओव्हनना आतून काचेसारखे एनॅमल असते, ते हा मारा सोसते. आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींच्या आत ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतो, आणि हे दोन्ही धातू कॉस्टिक सोड्यात हायड्रोजन सोडत विरघळतात. मुलामा गेला की पत्रा गंजतो. ॲल्युमिनियमचे ट्रे याच कारणाने धुण्याच्या सोड्यापासूनही दूर ठेवावेत.

संत्र्याच्या सालीबद्दल नागपूरकराला सांगायला हवेच. सालीतल्या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि ते चिकट, ताज्या तेलकटपणाला सहज विरघळवते. साल बाहेरच्या बाजूने दारावर चोळून लगेच पुसली तर काच स्वच्छ होते. जळून काळ्या झालेल्या थरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. लिमोनीन ज्वालाग्राही आहे, म्हणून हा प्रयोग पूर्ण थंड ओव्हनवरच करावा आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे.

तापणाऱ्या दांड्यांना लेप, पाणी किंवा फवारा यांपैकी काहीही लावू नये. धातूच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज अडवते आणि उष्णता बाहेर जाऊ देते, पण टोकांच्या फटींतून ती हवेतील ओलही शोषते. पावसाळाभर बंद राहिलेला ओव्हन सुरू करताच घराचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) पडते, त्यामागे पुष्कळदा ही ओल असते: विजेचा थोडा प्रवाह पुडीतून बाहेरच्या पत्र्याकडे झिरपतो आणि 30 मिलिअँपिअरच्या आसपास पोहोचला की ते उपकरण वीज तोडते. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा ओव्हन रिकामाच 100 अंशांवर वीस मिनिटे चालवला, तर पूड कोरडी राहते. आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर ते टाळण्यासाठी दुसऱ्या जोडणीवर ओव्हन लावू नये. तंत्रज्ञाकडून दांडीचा विद्युतरोध आणि सॉकेटचे अर्थिंग या दोन्हींची तपासणी करून घ्यावी.